खिळीभोवतीचा प्रश्न : घडीचा चाकू कारागिराकडून करवून घ्यावा की कारखान्याचा घ्यावा?

ज्या घरात पानाचा डबा होता, त्या घरातल्या माणसाला अडकित्त्याची खीळ काय चीज असते हे वेगळे सांगावे लागत नाही. खीळ घट्ट असली तर अडकित्ता उघडताना अंगठा दुखतो. सैल झाली तर पाते खालच्या दांडीला चुकवू लागते आणि सुपारी कातरली जाण्याऐवजी उडून कोपऱ्यात जाऊन पडते. या दोन्हींच्या मध्ये एक नेमकी जागा असते, आणि ती साधलेला अडकित्ता आजीकडून नातवाकडे येईपर्यंत कुरकुरत नाही. खिशात ठेवायच्या घडीच्या चाकूचे मर्मही असेच त्याच्या खिळीपाशी आहे. एकट्या कारागिराने हाताने घडवलेला चाकू घ्यावा की कारखान्यातून हजारांनी निघणारा घ्यावा, हा प्रश्न वरवर पैशांचा आणि हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात त्या खिळीभोवतीच्या मिलिमीटरच्या शतांश भागांची जबाबदारी कोणावर सोपवायची, असा तो प्रश्न आहे.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागात, पंच आणि डाय यांच्या संगतीत गेली. त्यामुळे कारागिराच्या हाताबद्दल मला आदर असला तरी माझा विश्वास मायक्रोमीटरवर अंमळ अधिक आहे. हा पूर्वग्रह वाचकांनी आधीच हिशेबात धरावा.

घडीचा चाकू करणे न मिटणाऱ्या चाकूपेक्षा किती अवघड आहे, ते आधी पाहू. सुरीत एक पाते असते आणि त्याला एक मूठ बसवलेली असते. करणाऱ्याचा हात बसलेला असेल तर एवढ्यात काम भागते. घडीच्या चाकूत मात्र पाते खिळीभोवती मोकळे फिरले पाहिजे, पण डावी-उजवीकडे डुलता कामा नये. मिटल्यावर ते आत कशालाही न घासता मुठीच्या बरोबर मधोमध बसले पाहिजे. उघडल्यावर ठरलेल्या जागी अडले पाहिजे. आणि अडलेले पाते काम करताना बोटांवर मिटणार नाही, अशी काही तरी सोय त्यात हवी. या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. खिळीचे भोक केसभर तिरके पडले तर पाते मिटताना एका बाजूला घासते. ते घासू नये म्हणून खीळ थोडी ढिली केली तर पाते डुलू लागते. डुलणे थांबवायला पुन्हा आवळली तर चाकू एका हाताने उघडेनासा होतो. एक चूक झाकायला गेलो की दुसरी उघडी पडते, असा हा मामला आहे.

पाते अडवण्याच्या पद्धतीवरून या चाकूंच्या जाती पडल्या आहेत. जपानमधील ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी हा सर्वांत साधा : वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक खीळ आणि पात्याच्या मागे अंगठ्याने दाबून धरायची छोटी शेपटी. त्यात लॉक नाही. घर्षण आणि तुमचा अंगठा हेच त्याचे कुलूप. आपल्याकडे 'स्विस चाकू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूत मुठीच्या पाठीला स्प्रिंग असते, ती पात्याला उघड्या आणि मिटलेल्या स्थितीत रेटून धरते, पण जोर लावला तर सोडूनही देते. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये करायला घेतलेल्या लाकडी मुठीच्या चाकूला १९५५ मध्ये फिरवायच्या पोलादी कड्याची जोड मिळाली आणि तो पक्का अडू लागला. अमेरिकेत १९६४ मध्ये बाजारात आलेल्या बक ११० या चाकूने पाठीमागच्या दांडीने पाते खाचेत अडकवण्याची पद्धत घरोघरी नेली. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने मुठीच्या आतल्या पातळ पट्टीलाच स्प्रिंग करून ती उघड्या पात्यामागे सरकवण्याची जुनी कल्पना नव्याने घडवली. तिला लायनर लॉक म्हणतात. ख्रिस रीव्ह या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कारागिराने त्याच दशकात पातळ पट्टीऐवजी टायटॅनियमच्या मुठीची अख्खी एक बाजूच चिरून तिच्याकडून लॉकचे काम करून घेतले. या यादीतली शेवटची दोन नावे एकेकट्या काम करणाऱ्या कारागिरांची आहेत, आणि आज जगभरचे कारखाने त्यांच्याच युक्त्या लाखांनी वापरतात.

लायनर लॉक जवळून पाहण्यासारखे आहे, कारण हात आणि यंत्र यांतला फरक तिथे उघड दिसतो. चाकू उघडला की आतली पट्टी 'टक्' असा आवाज करून पात्याच्या बुडाशी येऊन टेकते. ती टेकते ती जागा सपाट नसते, तिला साधारण सात-आठ अंशांचा उतार दिलेला असतो. उतार जास्त झाला तर जोर पडताच पट्टी घसरून सुटते आणि पाते बोटांवर येते. कमी झाला तर ती पाचरीसारखी रुतून बसते आणि अंगठ्याने ढकलूनही निघत नाही. लेथवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल, कारण टेलस्टॉकमध्ये मोर्स टेपर, म्हणजे हत्याराचा निमुळता दांडा, नुसत्या निमुळतेपणावर धरून राहतो त्यामागचे तत्त्व हेच आहे. टायटॅनियमची पट्टी पोलादावर थोडी चिकटतेही, म्हणून नव्या चाकूचे लॉक कुरकुरले तर तिथे शिसपेन्सिल घासण्याचा तोडगा जाणकार सांगतात, आणि तो लागू पडतो. आता कारागीर हा उतार कसा काढतो? तो पाते बसवतो, उघडतो, पट्टी कुठे टेकते ते पाहतो, पुन्हा सगळे खोलतो, एक हलका हात मारतो, परत बसवतो. असे दहा-बारा वेळा होते, आणि शेवटी जो उतार निघतो तो त्या एकाच पट्टीसाठी असतो. त्या कारागिराच्या दुसऱ्या चाकूतले पाते या मुठीत घातले तर ते बहुधा बसणारच नाही.

कारखान्याला असे करून चालत नाही. तिथे डब्यातले कोणतेही पाते कोणत्याही मुठीत बसले पाहिजे, म्हणून प्रत्येक भागाला थोडी सूट, म्हणजे टॉलरन्स, द्यावी लागते. समजा, एकावर एक रचल्या जाणाऱ्या सहा भागांना प्रत्येकी ०.०२ मिलिमीटर सूट दिली आहे. एकेक भाग तपासला तर सहाही उत्तीर्ण. पण योगायोगाने सगळ्यांची चूक एकाच बाजूला पडली तर बेरीज ०.१२ मिलिमीटर होते, आणि एवढे अंतर पाते डुलायला पुरेसे आहे. एकाच नावाचे, एकाच दुकानातले दोन चाकू हातात घेतले तर एक लोण्यासारखा चालतो आणि दुसरा अडखळतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. चांगला कारखाना यावर दोन उपाय करतो : सूट कमी करतो, म्हणजे यंत्रे आणि तपासणी महाग होतात, किंवा शेवटी माणसे बसवून जुळणी करून घेतो. दुसरा उपाय पत्करला की कारखान्याच्या मजल्यावर कारागीरच येऊन बसला म्हणायचे.

इथे शब्दांचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण विकणारे त्याचा फायदा घेतात. हातघडणीचा चाकू आणि कस्टम चाकू या एकच गोष्टी नाहीत. हातघडण ही पद्धत झाली. कस्टम म्हणजे गिऱ्हाइकाने सांगून करवून घेतलेला. कारागिराने स्वतःच्या मनाने दहा चाकू केले आणि त्यातला एक तुम्ही उचललात, तर तो हातघडणीचा आहे, पण शिंप्याकडे माप देऊन शिवलेल्या सदऱ्याच्या अर्थाने तो तुमचा नाही. शिवाय 'हातघडण' या शब्दातही पायऱ्या आहेत. काही कारागीर पोलादाच्या पट्टीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळे स्वतः करतात. काही जण पात्याचा आकार बाहेरून पाण्याच्या झोताने किंवा लेझरने कापून आणतात, पाणी द्यायचे, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कठीण करायचे, काम भट्टीवाल्याकडे पाठवतात आणि घासणी, जुळणी, धार स्वतः करतात. मला यात काहीही गैर वाटत नाही, फक्त ते विचारल्यावर सरळ सांगितले पाहिजे. तिसरा प्रकार मिडटेक म्हणून ओळखला जातो. त्यात भाग संगणकचालित यंत्रावर निघतात आणि कारागीर शेवटचा हात फिरवतो. चौथ्या प्रकारात आराखडा कारागिराचा आणि उत्पादन कारखान्याचे : स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने बॉब टर्झुओला यांच्यासारख्या नामांकित कारागिरांचे आराखडे अशाच रीतीने बाजारात आणले.

एकाच माणसाने सगळा चाकू करायचा, ही कल्पनाही वाटते तेवढी जुनी नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये चाकूवाल्यांची अधिकृत संस्था १६२४ पासून आहे, आणि तिथे पाते घडवणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा हे तीन वेगळे धंदे मानले जात. फ्रान्सच्या तिएर गावात नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडांपुढे घासणारे कामगार फळीवर पालथे पडून दिवसभर पाती घासत, आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून त्यांची कुत्री त्यांच्या पायांवर बसत. तो माल आज आपण बेधडक हातघडणीचा म्हणू, पण त्यात एका माणसाची सही नव्हती. उलट मिकीचा हिगोनोकामी आजही छोट्या कार्यशाळेत हाताने होतो आणि तरी स्वस्त असतो. म्हणून 'हाताने केलेला म्हणजे महाग आणि उत्तम' हे समीकरण दोन्ही टोकांना तुटते.

आता पोलादाकडे येऊ. गिऱ्हाईक सर्वांत जास्त प्रश्न पोलादाच्या नावाबद्दल विचारते, आणि सर्वांत कमी प्रश्न त्याला पाणी कसे दिले याबद्दल. खरे तर उलटे हवे. पुण्या-पिंपरीच्या टूलरूममध्ये ज्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) म्हणतात, त्या घराण्यातलेच डी२ हे पोलाद आज अनेक मध्यम किमतीच्या चाकूंत असते. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. बेअरिंगचे पोलाद आणि ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद यांपासूनही आपल्याकडे उत्तम पाती घडतात. क्रूसिबल या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये ख्रिस रीव्ह यांच्या सल्ल्याने खास चाकूंसाठी एस३०व्ही हे पोलाद काढले. त्यात वितळलेल्या धातूची आधी भुकटी करतात आणि मग ती प्रचंड दाबाखाली पुन्हा एकजीव करतात, त्यामुळे आतले कठीण कण बारीक आणि सारखे पसरलेले राहतात. पण यातले कोणतेही पोलाद चुकीचे पाणी मिळाले तर मातीमोल होते. साधे कार्बन पोलाद आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात विझवतात; लोहार चुंबक लावून पाहतो, कारण साधारण ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकत्व जाते आणि लाल रंगापेक्षा ही खूण अधिक भरवशाची असते. गंज न चढणाऱ्या पोलादांना मात्र हजाराच्या पुढचे तापमान, तिथे नेमके काही मिनिटे धरून ठेवणे, झटकन थंड करणे, काहींना शून्याच्या खूप खाली नेणे आणि मग पुन्हा सौम्य आच देणे, असे सगळे सोपस्कार लागतात. तिथे डोळ्यांचा अंदाज चालत नाही.

या बाबतीत कारखाना बेफिकीर असतो आणि कारागीर दक्ष असतो, असे सरसकट म्हणणे चूक आहे. कारखान्याकडे निर्वात भट्टी असते आणि प्रत्येक घाण्यातले काही नग कठिणता मोजायच्या यंत्रावर तपासले जातात. हे यंत्र हिऱ्याचे टोक १५० किलो भाराने धातूत रुतवते आणि ते किती खोल गेले त्यावरून रॉकवेल आकडा देते. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या पात्यांची कठिणता ५६ आणि स्प्रिंगांची ४९ ठेवते. पाते कठीण हवे आणि स्प्रिंग लवचीक हवी, हा विचार त्या दोन आकड्यांत आहे. महागड्या चाकूंची पाती ५९ ते ६२ पर्यंत जातात. कारखाना आकडा थोडा खाली ठेवतो याचे कारण व्यवहारी आहे : कठीण पाते जास्त दिवस धार धरते, पण वेडेवाकडे वापरले तर त्याची धार तुटते, आणि तुटलेली पाती हमीत परत येतात. कारागीर मात्र तुम्हाला विचारू शकतो की, तुम्ही या चाकूने नक्की काय कापणार? फळे आणि दोऱ्या कापणाऱ्या शिस्तीच्या माणसाला तो दोन आकडे वर नेऊन देऊ शकतो. तो हा प्रश्न विचारत नसेल, तर त्याच्याकडे जाण्याचा निम्मा फायदा तिथेच गेला.

धारेमागची जाडी हा विषय सर्वांत कमी बोलला जातो आणि रोजच्या वापरात सर्वांत जास्त जाणवतो. एक गाजर घ्या आणि जाड पात्याच्या चाकूने मधून कापून पाहा. पाते अर्ध्यावर गेले की 'कट्' असा आवाज होतो आणि उरलेले गाजर आपोआप दुभंगते, म्हणजे ते चिरले गेले नाही, पाचर ठोकल्यासारखे फुटले. धार कितीही तीक्ष्ण असली तरी हे होते, कारण दोष धारेचा नसून तिच्या मागच्या अंगाचा असतो. ओपिनेलचे पाते पातळ असल्यामुळे दहा-पंधरा युरोंचा तो चाकू पेरू आणि काकडी ज्या सहजतेने चिरतो, ती सहजता कित्येकदा त्याच्या तीसपट किमतीच्या चाकूत नसते. बळकटीची जाहिरात करणारे कारखाने पाते जाड ठेवतात. कुशल कारागीर धारेमागे अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली नेतो. मात्र असे कारागीर आहेत की ज्यांना जाड, दणकट दिसणारी पातीच आवडतात, आणि त्यांच्याकडे सांगून करवून घेऊनही तुमचे गाजर फुटतच राहील.

डमास्कस पात्यांच्या लहरींवर मी फार वेळ घालवणार नाही. अमेरिकेत बिल मोरान यांनी १९७३ मध्ये अशी पाती प्रदर्शनात मांडली आणि तेव्हापासून ही कला पुन्हा बहरली. दोन पोलादांचे थर ऐरणीवर एकजीव करून आम्लात बुडवले की एक थर काळवंडतो, दुसरा चमकत राहतो. दिसायला सुंदर, घडवायला कष्टाचे; पण त्यामुळे कापण्यात फरक पडतो असे समजून पैसे मोजू नयेत.

माझी स्वतःची चूक इथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका कारागिराकडे चाकू सांगितला आणि मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "तुमच्या मर्जीने करा." दीड वर्षाने चाकू आला. शिसवी मूठ, लहरींचे पाते, खिळीवर चांदीची टिकली. पाहणारा पाहत राही. पण माझा पंजा मोठा, आणि मूठ अशी की करंगळीला जागाच नव्हती. जुलैत हवा दमट झाली तशी लाकडाने अंग धरले, आतली पट्टी किंचित दबली आणि पाते मिटताना डाव्या बाजूला घासू लागले. खोलून एक पातळ वॉशर बदलावा म्हटले तर खीळ स्क्रूची नव्हती, ठोकून रिव्हेट केलेली होती. ती काढायची म्हणजे चांदीची टिकली मोडायची. तोवर त्या गृहस्थांनी घडीचे चाकू करणेच सोडले होते. दोष त्यांचा फार तर निम्मा होता. कस्टम म्हणजे मागणी, आणि मी मागणी केलीच नव्हती. मी फक्त त्यांच्या आवडीचे पैसे दिले होते.

त्या अनुभवातून माझे एक मत झाले आहे. ज्याने कारखान्याचा एक बरा चाकू वर्षभर रोज वापरलेला नाही, त्याने कारागिराकडे जाऊ नये. वर्षभर वापरल्यावरच कळते की, आपल्याला पाते सव्वातीन इंचांऐवजी पावणेतीन पुरते, खिशाला अडकवायची क्लिप तळहाताला टोचते, मूठ ओल्या हातात निसटते, किंवा यातले काहीच खटकत नाही. काहीच खटकत नसेल तर आहे तो चाकू योग्य आहे. आणि नेमके काही खटकत असेल, तर कारागिरापुढे ठेवायला तुमच्या हातात आता काही तरी आहे.

कारखान्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते : मोडले तर पुढे काय. नामवंत कारखान्यांची हमी असते, सुटे भाग मिळतात आणि चाकू हरवला तर तसाच दुसरा घेता येतो. कारागीर स्वतःच आपली हमी असतो. तो प्रामाणिक असेल तर दहा वर्षांनीही चाकू परत घेऊन फुकट नीट करून देईल, कारखान्यापेक्षा आपुलकीने देईल. पण त्याची नजर अधू झाली, आजार आला, की ती हमी संपली. घडीच्या चाकूवर कारागिराचे वीस-तीस तास सहज जातात, त्यामुळे नाणावलेल्यांकडे वर्षानुवर्षांच्या रांगा असतात. संपूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहावे. काम सुरू करताना सामानापुरती रक्कम आणि तयार चाकूचे फोटो पाहिल्यावर उरलेली, ही रीत दोघांनाही बरी.

दोन्हींच्या मधोमध काही चाकू आहेत, आणि संभ्रमात पडलेल्यांनी आधी तिकडे पाहावे. ख्रिस रीव्ह १९८९ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉइसी इथे स्थायिक झाले, आणि त्यांचा सेबेन्झा हा चाकू तिथून जगभर गेला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम' असा आहे. भाग यंत्रावर निघतात, जुळणी माणसे करतात, आणि गिऱ्हाइकाने चाकू स्वतः खोलावा, पुसावा, परत जोडावा, अशी अपेक्षाच असते. किंमत चारशे डॉलरांच्या पुढे, म्हणजे कित्येक हातघडणीच्या चाकूंइतकी. त्याला कारखानी म्हणावे की कारागिरीचा म्हणावे, यावर लोक वाद घालत बसतात. वॉशर किती सपाट आहे, हे पाहणाऱ्याला तो वाद निरर्थक वाटतो.

आपल्या हवेचा विचार परदेशी सल्ल्यांत नसतो, म्हणून तो इथे मांडतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याने कार्बन पोलादाचे पाते घेतले तर पावसाळ्यात कैरी चिरून ते न पुसता ठेवल्यावर सकाळी त्यावर तांबूस डाग दिसणारच. खोबरेल तेलाचे बोट फिरवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि फळाला त्याची बाधा होत नाही. लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते. ओपिनेलचे पाते मुठीत असे अडकते तेव्हा साव्हुआतले लोक मुठीचे बूड टेबलावर ठोकून पाते वर काढतात. ही युक्ती रत्नागिरीतही चालते. ज्यांना एवढी उस्तवार नको, त्यांनी न गंजणारे पाते आणि टायटॅनियम किंवा मायकार्टासारख्या (राळेत मुरवून दाबलेल्या कापडाच्या) न फुगणाऱ्या मालाची मूठ घ्यावी, मग चाकू कोणी का केलेला असेना.

कायद्याचेही दोन शब्द. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांसाठीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्या मापाच्या खूप आत असतो, तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना तोही अंगावर बाळगणे महागात पडू शकते. बटण दाबताच उघडणारा चाकू म्हटला की आपल्याकडे पोलिसाला काय आणि बघ्याला काय, रामपुरीच आठवतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावे की, कारणाशिवाय खिशात ठेवायला तिथे तीन इंचांपर्यंतच्या धारेचा आणि लॉक नसलेला घडीचा चाकूच चालतो; म्हणजे हजार पौंडांचा लायनर लॉक घरी ठेवून स्विस चाकू घेऊन फिरण्याची वेळ येते.

चाकू हातात आला, कारखान्याचा असो वा कारागिराचा, की तो तपासायला पाच मिनिटे पुरतात. उघडून पात्याचे टोक चिमटीत धरावे आणि आधी आडवे, मग उभे हलवून पाहावे. बोटांना काहीही जाणवता कामा नये. मिटवून दिव्यासमोर धरावा आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखी फट दिसते का ते पाहावे. पाठीच्या स्प्रिंगचा चाकू असेल तर उघडा, अर्धा आणि मिटलेला अशा तिन्ही स्थितींत पाठीवरून नख फिरवावे. तिन्ही वेळा नख अडले नाही तर करणाऱ्याने मन लावले आहे. लॉक असेल तर ते लागल्यावर पात्याच्या पाठीवर मुठीकडून टोकाकडे सरकत हळूहळू जोर वाढवावा, धारेच्या वाटेतून बोटे बाजूला ठेवून. आणि एखादे तरी गाजर चिरून पाहावे.

कारागिराला मागणी लिहून पाठवायची असेल तर कौतुकाच्या ओळी कमी आणि मापे जास्त असावीत. कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवावी आणि तो कागद सोबत जोडावा. चार बोटे मिळून रुंदी किती भरते ते मिलिमीटरमध्ये लिहावे. काय कापणार, कुठल्या हवेत राहता, धार स्वतः लावता की लावून घेता, हे कळवावे. खीळ स्क्रूचीच हवी आणि पाना कोणत्या मापाचा लागेल हेही विचारावे. पाणी कोण देणार आणि कठिणता मोजून मिळेल का, हे विचारायला संकोच करू नये. आणि तुम्ही डावरे असाल तर ते पहिल्याच ओळीत लिहावे, कारण क्लिप नंतरही दुसऱ्या बाजूला लावता येते, लॉकची पट्टी लावता येत नाही.